लेफ्ट

"इलेव्हन लेफ्ट!"
धक्क्यावरूनच ओरडून सांगितलं एफी पुडिस्टरनं.
वारा असा, की अर्धा शब्द माझा, अर्धा समुद्राचा.
मी वहीत मराठीत नोंदवलं: अकरा गेले.

गेले नव्हते. समोर उभे होते,
मलाच बघायला आले होते सगळे.
अकरा. कुत्रं धरलं तर बारा.

न्यूफाउंडलंडच्या कडेला लागलेलं गाव, गॅफर्स बाइट.
रस्ता नाही, आठवड्याला एक बोट.
कॉड आटला, शाळा आटली, मग मतदान झालं.
माझं काम किरकोळ:
घरोघरचे मीटर शेवटचे वाचायचे
आणि शुक्रवारी जनरेटर बंद करून सील ठोकायचं.

पहिलं घर लिअँडर हाइन्सचं.
पायरीवर बसून जाळं विणत होता, डाव्या हातानं.
"लेफ्टी," म्हणाला, स्वतःकडे बोट दाखवून.
"माझ्या गाठी उलट्या बसतात.
माझं फाटलेलं जाळं दुसऱ्या कुणाला सांधता येत नाही."
मग मुलांची हजेरी घेतली त्यानं, विणता विणता.
सेल्बी लेफ्ट, पश्चिमेला, तेलाच्या कामावर.
ड्युल्सी लेफ्ट, आधी नवऱ्याला, नंतर गावाला.
धाकटा लेफ्ट, काही न सांगता.
चुलत्यानं मरताना त्याला बोट लेफ्ट केली होती,
ती त्यानं तशीच लेफ्ट केली, गवतात, पालथी.
एकानं ठेवली, एकानं टाकली.
शब्द तोच. बोटही तीच.

मीटर वाचता वाचता मी मनातले खिसे उपडे केले.
निघून गेला, चालता झाला, पाय काढला, पोबारा केला,
घर सोडलं, नाद सोडला, अर्ध्यावर टाकलं.
दुसऱ्या खिशात
बाकी, शिल्लक, उरलंसुरलं,
पातेल्याच्या बुडाला धरलेली खरवड.
आमच्याकडे हे दोन खिसे एकमेकांना भेटत नाहीत.
गेलेला गेला, उरलेला उरला,
मध्ये निदान उंबरठा असतो.
हल्ली ग्रुपमधून कुणी रुसून बाहेर पडलं
की आम्हीही म्हणतो, लेफ्ट झाला.
पण ते हसण्यावारी.

दुपारी एफीनं जेवायला थांबवून घेतलं.
"लेफ्टओव्हर आहे, चालेल ना?"
कालचा मासा, कालचे बटाटे, डुकराच्या चरबीत परतलेले.
शिळ्याला नाक मुरडणारा मी नव्हे. दोनदा घेतलं.
"तुमच्यात निघताना काय म्हणतात?"
म्हटलं, येतो म्हणतात.
"येतो? जाताना?"
इतकी हसली की चष्मा काढावा लागला.
हसू थांबल्यावरही काच पुसत राहिली,
बराच वेळ, एकच काच.

शुक्रवारी बोटीवर खोकी, खुर्च्या,
एक शिवणयंत्र, कुत्रं.
लिअँडर आधीच जाऊन बसला, गावाकडे पाठ करून,
डाव्या कठड्याशी.
बोटीवर डावीला लेफ्ट म्हणत नाहीत, पोर्ट म्हणतात.
तेवढ्यापुरती त्या शब्दाला रजा.

एफी सगळ्यांत शेवटी निघाली.
दाराला कुलूप नव्हतंच कधी, नुसती कडी.
दारावरचा दिवा दिवसाढवळ्या जळत होता.
सवयीनं माझा हात बटणाकडे गेला.
"लीव्ह इट," ती म्हणाली.

सोड, की असू दे?
चल सोडून, की राहू दे?
मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.
ती दिव्याकडे पाहत होती.

राहू दिला.
वीस मिनिटांनी जनरेटर मीच बंद करणार होतो,
हे तिलाही ठाऊक होतं.